हळदीचें नातें

सातारा-सांगलीकडील गृहिणींना एक गोष्ट शिकवावी लागत नाहीं. पांढऱ्या वस्त्रावर हळदीचा डाग पडला, तर तें उन्हांत वाळत घालावें. डाग आपोआप फिका पडतो. हळदींत चुना कालविला कीं ती लाल होते, हेंहि सर्वांच्या परिचयाचें आहे. वाईची हळद घ्या, कीं कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपुरच्या पेवांत साठविली जाणारी सांगलीची हळद घ्या. हे दोन्ही गुण तिच्या ठायीं आहेत. हरिपुरचीं पुष्कळ पेवें २००५ सालच्या महापुरांत निकामी झालीं, पण हळदीची कीर्ति ओसरली नाहीं. प्रकाश आणि रंग यांचा हा घरगुती खेळ एका क्षुद्र जीवाणूनें मात्र आपल्या जीवनाचें साधन केला आहे.

अमेरिकेंत ऑरिगॉन प्रांतांत समर लेक नांवाचें खारें सरोवर आहे. तेथील चिखलांत सांपडलेला ‘हॅलोऱ्होडोस्पायरा हॅलोफिला’ हा जीवाणु सूर्यप्रकाशाच्या शक्तीवर जगतो. १९८५ सालीं टेरी मायर यांना त्याच्या शरीरांत एक पिवळें प्रथिन आढळलें. त्यावर निळा प्रकाश पडला कीं पिवळेपणा नाहींसा होई, आणि सुमारें सेकंदभरांत परत येई. हळदीचा उडालेला डाग परत येत नाहीं, हा येतो. १९९३ सालीं असें दिसून आलें कीं, हा जीवाणु निळ्या प्रकाशापासून मागें फिरतो, आणि ज्या किरणांना तो टाळतो, तेच किरण हें प्रथिन शोषून घेतें.

मग त्याची अंतर्रचना पाहण्याचा उद्योग सुरू झाला. प्रथिनाच्या स्फटिकांतून क्ष-किरण सोडले, तर अणूंचें छायाचित्र मिळत नाहीं; मिळतो तो एक धूसर नकाशा. १२५ घटकांची सांखळी त्या नकाशांतून कशी वळत गेली आहे, हें संशोधकानें ओळखावयाचें असतें. कॅलिफोर्नियांतील एलिझाबेथ गेट्झॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ सालीं अशी रचना प्रसिद्ध केली. ती चुकली होती. सांखळीचा मार्गच भलता ओळखला गेला होता.

१९९४ सालीं रंगद्रव्याची ओळख पटली. तें पॅरा-कूमॅरिक आम्ल निघालें. हळदीचें झाडहि आपला पिवळा रंग याच आम्लापासून घडवितें! १९९५ सालीं गेट्झॉफ यांच्याच प्रयोगशाळेनें अधिक सूक्ष्म नकाशा मिळवून जुनी रचना बाजूस सारली आणि नवी मांडली. सांखळीच्या ६९ व्या घटकाशीं रंगद्रव्य बांधलेलें होतें. चुना हळदीच्या रेणूंतून हायड्रोजनचा जो कण हिरावून घेतो, तसाच कण येथेंहि निघून गेलेला होता, आणि मागें उरलेला ऋण विद्युद्भार शेजारच्या घटकांनी सांवरून धरलेला होता. म्हणूनच एरवीं रंगहीन असणारें हें आम्ल येथें पिवळें दिसतें. प्रकाश लागतांच रंगद्रव्य वळतें, तो कण परत घेतें आणि फिकें पडतें. १९९७ सालीं या फिक्या अवस्थेचें चित्रहि स्फटिकांतून मिळालें. १९८९ ची रचना कायम राहती, तर त्या चित्राचा अर्थ लागता ना.

आपली छापलेली चूक आपल्याच हातानें खोडण्यांत मानहानि वाटणें स्वाभाविक आहे. परंतु अर्ध्या हळकुंडानें पिवळें न होण्याची ही शिस्त संशोधकांनी पाळली, म्हणूनच जीवाणूच्या त्या पिवळ्या प्रथिनाचें आणि सांगलीच्या हळदीचें नातें आज जगाला ठाऊक आहे.