शिलालेख वाचणारा वैद्य

वसईच्या किल्ल्यात संत जोसेफ यांच्या मंदिराचा मनोरा अद्याप उभा आहे. छप्पर केव्हाच कोसळले. परंतु सन १६०१ मध्ये, आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांच्या कारकिर्दीत, या मंदिराची पुनर्बांधणी झाली, हे तेथील पोर्तुगीज शिलालेखामुळे आपणांस कळते. असे लेख टिपून अभ्यासकांपुढे ठेवणाऱ्यांत डॉ. जुझे जेरसन द कुन्हा यांचे ऋण मोठे आहे.

बार्देशातील हडफडे येथे १८४४ साली त्यांचा जन्म झाला. वैद्यकाचे शिक्षण विलायतेत पूर्ण करून ते मुंबईत व्यवसाय करू लागले. इतिहास हा त्यांच्या चरितार्थाचा मार्ग नव्हता. तरीही रुग्णसेवा सांभाळून त्यांनी अवशेष पाहिले, जुनी नाणी जमविली, पोर्तुगीज ग्रंथ चाळले, आणि १८७६ साली चौल व वसई यांच्या इतिहासावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे आलेली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी जिंकलेली वसई त्यांत आहे. तिची मंदिरे व मठही आहेत.

पुढच्याच वर्षी त्यांनी स्कंदपुराणातील सह्याद्रिखंडाची संस्कृत संहिता संपादित केली. श्रद्धावंत ख्रिस्ती घराण्यातील या माणसाने पुराणाच्या पोथ्याही तितक्याच आदराने हाताळल्या, हे विशेष होय. या भूमीचा वारसा त्यांच्या लेखी एकच होता. १८८१ साली त्यांनी कोकणी भाषा व वाङ्मय यांविषयी लिहिले. मुंबईच्या उगमावरील त्यांचा ग्रंथ १९०० साली निघाला आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांचे हे लेखन मुख्यतः इंग्रजीत आहे. म्हणून ज्यांचे पूर्वज त्या मंदिरांत गुडघे टेकीत होते, त्या वसईच्या शेतकरी-बागायतदारांपर्यंत ते फारसे पोहोचले नाही. हा दोष त्यांचा नव्हे. ते मराठीत आणण्याचे काम आपले होते.

येथे एक कबुली दिली पाहिजे. तरुणपणी मी एका धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू होतो. सभागृहाचे बांधकाम चालू असताना अक्षरे कोरलेल्या दोन जुन्या शिळा पायात गेल्या. एका वृद्ध धर्मग्रामस्थाने मला विचारले, "फादर, त्यांवर काय लिहिले होते?" मला सांगता आले नाही. मी त्या उतरून घेतल्या नव्हत्या. कुणाला थांबविलेही नव्हते. कागद-पेन्सिल घेऊन अर्धा तास बसलो असतो, तरी पुरले असते.

आज किल्ल्यात सुट्टीच्या दिवशी झाडेझुडपे काढणारी तरुण मुले दिसतात, तेव्हा डॉ. द कुन्हा यांची परंपरा खंडित झालेली नाही, असे वाटते. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे : सफाईबरोबर वहीही जवळ ठेवा. आपल्या धर्मग्रामातील थडग्यांवरील लेख, बाप्तिस्म्याच्या जीर्ण नोंदवह्या, वडीलधाऱ्यांच्या आठवणी यांची नक्कल या वर्षीच करा. पुढच्या पावसाळ्यानंतर त्यांतील किती अक्षरे उरतील, कोणी सांगावे?