हृदयाचा पंप: किती दिवस आणि कसे दिवस?

विहिरीवरची मोटर थकली की पाणी वर चढत नाही. हृदय थकलं तरी तसंच होतं. रक्त पुढे ढकललं जात नाही. पायांवर सूज येते, चार पावलांत धाप लागते, रात्री उशा रचून बसून झोपावं लागतं. औषधांनीही भागेना, तर काहींना यंत्राचा आधार देता येतो. त्या यंत्राची गोष्ट आज ऐकू या.

२ डिसेंबर १९८२. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डॉ. विल्यम डेव्रीज यांनी बार्नी क्लार्क या दंतवैद्याला कायमचं म्हणून कृत्रिम हृदय बसवलं. ते हवेच्या दाबावर चाले. हवा देणारं यंत्र सुमारे १८० किलोचं, आणि क्लार्क नळ्यांनी त्याला जखडलेले. जगणं असह्य झालं तर यंत्र बंद करता यावं, म्हणून त्यांना एक किल्ली दिली होती. ती त्यांनी वापरली नाही. ११२ दिवस ते जगले, पण घरी परतले नाहीत. साऱ्या जगाने त्यांचे दिवस मोजले. किल्ली मात्र वेगळंच विचारत होती: हे दिवस कसे गेले?

पुढे हृदय न काढता त्याला हातभार लावणारे पंप आले. २००१ साली अमेरिकेतल्या १२९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षानंतर पंप बसवलेल्यांपैकी शंभरात ५२ जण हयात होते, नुसत्या औषधांवरचे २५. या अभ्यासात रोजचं जगणं कसं आहे, हेही रुग्णांना विचारलं होतं. पंपवाल्यांना बरं वाटत होतं, पण जंतुसंसर्ग, रक्तस्राव आणि यंत्रातले बिघाडही त्यांच्याच वाट्याला जास्त आले.

इंग्लंडच्या पीटर हॉटन यांना २००० साली ऑक्सफर्डमध्ये छोटा पंप बसवला. रक्त अखंड वाहत असल्याने त्यांची नाडी जेमतेम लागे. ते सात वर्षांहून अधिक जगले, हिंडले-फिरले. पण मनाचा ओलावा कमी झाला, असंही ते मोकळेपणाने सांगत.

आजचा पंप मुठीत मावतो. त्याची वायर बहुधा पोटातून बाहेर येते. बॅटऱ्या अंगावर बाळगायच्या, वेळेवर चार्ज करायच्या, जखमेची पट्टी स्वच्छ हातांनी बदलायची, रक्त पातळ ठेवणारी गोळी चुकवायची नाही. पोहणं बंद. वीज गेली तर पर्यायी सोय तयार हवी.

हे सगळं सांभाळणारं माणूस बहुतेक वेळा घरातली बाईच असते. म्हणून असा निर्णय घ्यायची वेळ आली, तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. आयुष्य किती वाढेल? ते कसं असेल? रोजची देखभाल कोण करणार, आणि तिला विसावा कोण देणार? आणि सगळ्यांत आधी रुग्णाला विचारा, त्याला काय हवंय. रुग्ण घरातली बाई असेल, तर तिलाही तितक्याच आवर्जून विचारा.