युवक मंडळातील वेळेचे भान आणि शिस्त

देवरूख हे रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्याचे मुख्यालय. रत्नागिरी जिल्हा २००५ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतात मोडतो. वसईप्रमाणे चर्चच्या घंटेच्या टप्प्यात शेकडो ख्रिस्ती घरे असावीत अशी येथील स्थिती नाही. कॅथोलिक कुटुंबे मोजकी व विखुरलेली. मुलांच्या मंडळाच्या सभेला यायचे तर कुणाला एस.टी.ची वाट पाहावी लागते, कुणाला पावसातून पायपीट करावी लागते. त्यामुळे ‘वेळेवर या’ ही सूचना अशा ठिकाणी जितकी आवश्यक, तितकीच विचारपूर्वक करावी लागते.

आपल्या मंडळांचा सर्वसाधारण अनुभव वाचकांना परिचित आहे. सभा चार वाजता जाहीर होते, चार वाजता तिघे हजर असतात, आणखी काही मुले येईपर्यंत थांबू असे ठरते व प्रार्थना पावणेपाचला सुरू होते. पुढच्या वेळी ते तिघेही साडेचारला येतात. आमच्या मते खरी हानी येथे होते. उशिरा येणाऱ्याची वाट पाहताना वेळेवर येणाऱ्याला आपण शिक्षा करतो, आणि दिलेला शब्द पाळण्यात अर्थ नाही हे त्याला न बोलता शिकवतो. लांबून आलेल्या मुलाची तर परतीची गाडीच चुकते. दोनदा असे झाले की घरचे त्याला पाठवणे बंद करतात, आणि विखुरलेल्या धर्मग्रामात एक मुलगा गमावणे ही लहान गोष्ट नव्हे.

हा प्रश्न ख्रिस्तसभेला नवा नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमावलीतील त्रेचाळिसावे प्रकरण उशिरा येणाऱ्यांविषयीच आहे. रात्रीच्या प्रार्थनेच्या आरंभी म्हटले जाणारे स्तोत्र (जुन्या क्रमाने ९४ वे, आपल्या बहुतेक बायबलांत ९५ वे) मुद्दाम संथपणे म्हणावे, म्हणजे मागे राहिलेल्यांना पोहोचता येईल, असे ते सांगतात. त्यानंतर येणाऱ्याने आपल्या नेहमीच्या जागी न जाता सर्वांच्या शेवटी किंवा नेमून दिलेल्या वेगळ्या जागी उभे राहावे. मात्र त्याला बाहेर ठेवू नये; बाहेर राहिला तर तो पुन्हा झोपी जाईल किंवा गप्पा मारत बसेल, असे कारण त्यांनी दिले आहे. किती व्यवहारी दृष्टी ही! प्रार्थना कुणासाठी थांबत नाही, आणि दारही कुणासाठी बंद होत नाही. प्रार्थनेची वेळ कळवण्याचे काम मठाधिपतीने स्वतः करावे किंवा एखाद्या दक्ष बंधूवर सोपवावे, असेही सत्तेचाळिसाव्या प्रकरणात सांगितले आहे.

पुढे १८८३ साली ग्लासगो येथे विल्यम स्मिथ या संडे स्कूलच्या शिक्षकाने ‘बॉइज ब्रिगेड’ स्थापन केली. ती प्रॉटेस्टंट चळवळ. वर्गात न रमणाऱ्या मुलांना त्यांनी कवायत व रांगेतून आज्ञाधारकपणा आणि आदर शिकवला. मुलांना शिस्त नकोच असते, हा आपला समज त्या उपक्रमाच्या प्रसाराने खोटा ठरवला.

तरीही शिस्त म्हणजे केवळ कवायत नव्हे. ८ डिसेंबर १८४१ रोजी तुरिन येथे मिस्सासेवा करता येत नाही म्हणून चर्चच्या सेवकाने बार्थोलोम्यू गारेली या मुलाला मारून हाकलले, तेव्हा संत जॉन बॉस्को यांनी त्याला परत बोलावून आपला मित्र म्हटले. त्यांचे युवाकार्य त्या भेटीपासून सुरू झाले असे मानले जाते. १८७७ साली त्यांनी आपली पद्धत लिहून ठेवली: चूक घडल्यावर दंड करण्याऐवजी ती घडू नये म्हणून मोठ्यांनी मुलांमध्ये वावरावे, आणि विवेक, धर्म व प्रेमळपणा यांवर भिस्त ठेवावी.

हे सारे आपल्या सभेत कसे उतरवावे? प्रथम, सभेची वेळ ठरवताना घड्याळाआधी एस.टी.चे वेळापत्रक पाहावे. गाडी पावणेचारला येत असेल तर साडेतीनची सभा जाहीर करणे हा मुलांवर अन्याय आहे. संचालक सर्वांआधी हजर असावा. ते नसेल तर बाकीच्या सूचना व्यर्थ आहेत. घंटा व हजेरीची वही एका मुलाकडे महिनाभर सोपवावी, आणि शक्यतो ती नेहमी उशीर करणाऱ्याकडेच द्यावी. सुरुवात एका स्तोत्राने, सावकाश करावी. उशिरा आलेल्याने मागे बसावे, त्याच्यावर सर्वांदेखत भाषण नको. सभा संपल्यावर त्याला एकट्याला कारण विचारावे. पाणी भरणे, शिकवणी, वडिलांच्या दुकानात बसणे अशी कारणे बहुधा निघतात आणि त्यांवर घरच्यांशी बोलून मार्ग काढता येतो. पैशांच्या दंडाला मात्र आमचा स्पष्ट विरोध आहे. त्यामुळे गरीब घरचा मुलगा पुढच्या वेळी उशिरा येत नाही, तो येतच नाही.

सभा संपण्याची वेळही आरंभाच्या वेळेइतकीच पाळली जावी. प्रमुख धर्मगुरूंनी रविवारच्या मिस्सेनंतर सूचना देताना दोन्ही वेळा जाहीर केल्या, तर मूल केव्हा घरी परतेल हे आईवडिलांनाही कळेल.