शुड हॅव : राहून गेलेल्या गोष्टींचं व्याकरण

एखादी गोष्ट व्हायला हवी होती आणि झाली नाही, हे सांगायची सोय प्रत्येक भाषेत असतेच. आपल्या मराठीत ती भलतीच सुटसुटीत आहे. "मी काल येणार होतो" एवढं बोलून माणूस गप्प बसला, तरी पुढचा 'पण' आपल्याला ऐकू येतो. समोरचा लगेच विचारतो, "मग काय झालं?"

इंग्रजीत मात्र हे प्रकरण थोडं अवघड आहे. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला ज्यांनी घोटली आहे अशा आमच्या घरातल्या थोरल्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. 'आय इंटेंडेड टु राइट' म्हणजे माझा लिहायचा विचार होता. बरं, मग लिहिलं की नाही? वाक्य काहीच सांगत नाही. 'आय हॅड इंटेंडेड टु राइट' म्हटलं की बेत फसल्याचा वास येतो. जुने इंग्रज आणखी पुढे जाऊन 'आय इंटेंडेड टु हॅव रिटन' असं म्हणत. ते ऐकल्यावर शंकाच उरत नसे. पत्र गेलेलं नाही.

ही जुनी रचना चांगली रुळलेली होती. शेक्सपिअरच्या हॅम्लेटमध्ये, म्हणजे साधारण १६०० च्या सुमारास, ऑफेलियाच्या थडग्याशी उभी राहून राणी गर्ट्रूड बोलते. तुझी लग्नाची शेज सजवेन असं वाटलं होतं, आणि फुलं टाकतेय ती थडग्यावर, असा तिच्या बोलण्याचा आशय. तिथे तिने हीच रचना वापरली आहे. 'सजवेन असं वाटलं होतं' याच्या पोटात 'आता कधीच नाही' हे आपोआप येतं. व्याकरण इतकं दुःख वाहून नेऊ शकतं, हे मला त्या प्रसंगामुळे कळलं.

मग १७९५ साली लिंडली मरे नावाच्या गृहस्थांचं इंग्रजी व्याकरण आलं. हे मूळचे अमेरिकेतले वकील, पंथाने क्वेकर, पुढे इंग्लंडात यॉर्कला स्थायिक झालेले. तिथल्या मुलींच्या एका शाळेसाठी त्यांनी ते पुस्तक लिहिलं, आणि पुढे त्याच्या लाखो प्रती खपल्या. मरेसाहेबांनी 'इंटेंडेड टु हॅव रिटन' चूक ठरवलं. त्यांचा तर्क असा, की जेव्हा विचार केला तेव्हा लिहिणं अजून व्हायचं होतं, मग त्याला भूतकाळात ढकलायचं कशाला? तर्क बिनतोड आहे. पण बोलणाऱ्याला काळाचा हिशेब मांडायचाच नव्हता हो! त्याला हळहळ सांगायची होती. त्या नियमाने वाक्य स्वच्छ झालं आणि हळहळीची एक जागा कमी झाली, असं आपलं माझं मत.

आता 'शुड'कडे येऊ. माझ्या मते या गोष्टीतला हा सगळ्यात गमतीचा भाग आहे. 'शुड' हे 'शॅल'चं भूतकाळी रूप. जुन्या इंग्रजीत 'शॅल'च्या मूळ शब्दाचा अर्थ होता 'देणं लागतो'. चक्क पैशाचं देणं! जर्मन भाषेत याच्याच कुळातला 'शुल्ड' हा शब्द अजूनही कर्ज आणि अपराध या दोन्हींसाठी वापरतात. 'ऑट' हे तर 'ओ' म्हणजे देणं असणं याचंच जुनं भूतकाळी रूप. थोडक्यात, इंग्रज माणूस "यू शुड हॅव कम" म्हणतो तेव्हा शब्दांच्या मुळाशी जाऊन पाहिलं तर तो सांगत असतो, की तुझं येणं माझं येणं होतं, आणि तू ते बुडवलंस.

मराठीचा धागा वेगळा आहे. आपलं 'पाहिजे' हे 'पाहणे'चं जुनं कर्मणी रूप. जे पाहिलं जातं, ज्याची वाट पाहिली जाते, ते पाहिजे. 'अपेक्षा'मध्येही 'ईक्ष्' म्हणजे पाहणं आहेच. इंग्रजी 'एक्स्पेक्ट'सुद्धा बाहेर डोळे लावून बसणाऱ्या लॅटिन क्रियापदावरून आलंय. म्हणजे अपेक्षा करताना दोघंही दाराकडे बघतात. ती फसली की आपला हिरमोड होतो (हल्लीच्या मुलांचा पोपट होतो), आणि इंग्रज वही काढून थकबाकी दाखवतो :)

तुम्ही म्हणाल, हा शब्दांचा खेळ झाला, यात इतिहास कुठे आहे? सांगतो.

१८३३ च्या सनदी कायद्यात एक कलम होतं. केवळ धर्म, जन्मस्थान, वंश किंवा वर्ण यांमुळे कुठल्याही हिंदी माणसाला कंपनीच्या नोकरीतल्या जागेसाठी अपात्र ठरवलं जाणार नाही. कलमात शब्द होता 'शॅल'. पुढे १ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात तेच वचन पुन्हा आलं, फक्त मध्ये हळूच 'शक्य असेल तितपत' अशी पाचर मारलेली होती. सनदी सेवेची स्पर्धा परीक्षा १८५५ पासून सुरू झाली, पण लंडनला. ती पार करणारे पहिले हिंदी म्हणजे सत्येंद्रनाथ टागोर, १८६३ साली. त्यांची नोकरी आपल्या मुंबई इलाख्यात झाली. मग १८७० च्या दशकात परीक्षेची कमाल वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणली. एकोणीस वर्षांच्या आत समुद्र ओलांडून, परक्या भाषेत, परक्या गावात परीक्षा द्यायची! कागदावर दार उघडंच होतं.

याबद्दल खुद्द व्हाइसरॉय लिटन यांनी १८७८ च्या एका गोपनीय टिपणात कबुली दिली. या लोकांना मनाई करणं किंवा फसवणं असे दोन मार्ग होते, आणि आपण त्यातला कमी सरळ मार्ग निवडला, असा त्याचा आशय होता. पुढे ते टिपण फुटलं आणि दादाभाई नवरोजींनी ते सरकारच्याच तोंडावर वारंवार वाचून दाखवलं.

दादाभाई म्हणजे मुंबईच्या एल्फिन्स्टनमधले गणिताचे प्राध्यापक. १८९२ साली ते ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून गेले. परीक्षा हिंदुस्थानातही एकाच वेळी घ्यावी, असा ठराव १८९३ मध्ये कॉमन्स सभेत मंजूर झाला, पण सरकारने तो अमलात आणला नाही. १९०१ साली दादाभाईंचं पुस्तक लंडनला प्रसिद्ध झालं, 'पॉव्हर्टी अँड अन-ब्रिटिश रूल इन इंडिया'. त्या 'अन-ब्रिटिश'मधल्या 'अन'पाशी मी नेहमी थांबतो. वाईट, जुलमी, क्रूर असे कितीतरी शब्द हाताशी होते. त्यांनी असा शब्द निवडला ज्यात अपेक्षा आणि अपेक्षाभंग दोन्ही आहेत. तुम्ही जसे असायला हवे होता, जसे आहोत म्हणून सांगता, तसे तुम्ही इथे नाही. शिवी नाही, आरडाओरडा नाही. गणिताच्या प्राध्यापकाने मांडलेली थकबाकी, आणि तीही देणेकऱ्याच्याच भाषेत.

हिंदुस्थानातली पहिली परीक्षा १९२२ साली अलाहाबादला झाली. दादाभाई १९१७ सालीच गेले होते. 'शॅल' लिहिल्यापासून तोवर एकोणनव्वद वर्षं उलटली होती.

इंग्रजी शिकताना आपल्याला सांगतात की 'शुड हॅव' म्हणजे 'करायला हवे होते', पाठ करा आणि पुढे चला. पण आपल्या आधीच्या पिढ्या ही भाषा नुसती मार्कांसाठी शिकल्या नाहीत. दिलेला शब्द कुठल्या काळात, कुठल्या रूपात दिला होता आणि त्याचं पुढे काय झालं, हे दाखवून देण्याइतकी ती त्यांनी आत्मसात केली. व्याकरणाचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.