पोढी, बारव, पाणपोई

कान्हेरीला लेण्यांच्या दाराशी कातळात पाण्याची टाकी खोदलेली आहेत. डोंगरावरचं पावसाचं पाणी पन्हळींनी त्यांत उतरतं. त्यांतल्या एका टाक्याचा ब्राह्मी लेख सांगतो, की ही पोढी कल्याणच्या सामिदत्त सोनाराचं दान. राजा नव्हे, सोनार! अख्ख्या जन्मातलं त्याने एवढंच मागे ठेवलं: नाव, गाव, धंदा आणि पाणी.

एसटी स्टँडवरच्या कूलरवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' अशी पाटी दिसली की मला हा सोनार आठवतो. पाटीचं कूळ त्याच्यापर्यंत जातं.

पण नुसतं दान टिकत नाही, हे त्या काळीही ठाऊक होतं. नाशिकच्या लेण्यात उषवदात नावाच्या दात्याने भिक्षूंसाठी ३००० कार्षापण नाण्यांची अक्षयनीवी, म्हणजे कायमची ठेव, ठेवली. रक्कम विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे. २००० वर दरमहा शेकडा एक आणि १००० वर शेकडा पाऊण व्याज. मुद्दलाला हात लावायचा नाही, हेही तिथल्या लेखात आहे. मला लेण्याइतकीच ही तजवीज मोलाची वाटते.

पुढे बारवा आल्या. साताऱ्याजवळ लिंबला विरूबाई भोसल्यांची बारा मोटांची विहीर आहे, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातली. पायऱ्या उतरताना ऊन मागे राहतं आणि दगडाचा गारवा अंगाला लागतो. मोटा ओढणारे बैल गेले, विहीर आहे.

या वंशावळीत एक डाग आहे, तो झाकून चालणार नाही. पुण्य म्हणून बांधलेलं पाणी कितीतरी माणसांना शिवू दिलं जात नव्हतं. म्हणून १८६८ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यातल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला, ते मी सगळ्यात वरचं दान मानते. नवा दगड खोदला नाही. होतं ते पाणी सगळ्यांचं केलं. महाडला तर तळं सगळ्यांना खुलं करण्याचा पालिकेचा ठराव होऊनही २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारोंसह चवदार तळ्यावर जाऊन ओंजळ भरावी लागली.

आमच्या आजीने नाव कुठेच कोरलं नाही. चैत्र लागला की ओट्यावर रांजण मांडायची, भोवती ओलं फडकं, वर लाकडी झाकण. रोज पहाटे रांजण काथ्याने घासून मगच भरायची. शिळ्यावर ताजं ओतलेलं तिला खपत नसे.

वडील गेले तेव्हा स्टँडवर कूलर बसवायचं घरात ठरत होतं. तिथल्या जुन्या कूलरची पाटी लखलखीत होती आणि तोटी कोरडी. आम्ही कूलरचे पैसे बँकेत ठेवले. व्याजातून शेजारच्या चहावाल्याच्या पोराला उन्हाळाभर मजुरी जाते: दोन रांजण, रोज पहाटे रिकामे करून, घासून, भरायचे. काथ्या आमच्याकडून.