विमानसंरचना चाचणी
विमानसंरचना चाचणी म्हणजे उड्डाणातील भार विमानाचा सांगाडा पेलतो की नाही, हे जमिनीवर तपासण्याची पद्धत होय. वापरात अपेक्षित असलेल्या कमाल भाराखाली सांगाड्यात घातक असा कायमचा बाक राहता कामा नये, त्याच्या १.५ पट भार तर किमान ३ सेकंद न मोडता पेलला गेला पाहिजे.

गोंदिया जिल्ह्यातील बिरसी विमानतळावर राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्थेने वापरलेल्या डायमंड डीए-४० विमानाचा सांगाडा मुख्यत्वे तंतू व रेझिन यांच्या संमिश्राचा असतो. रेझिन उष्णतेने मऊ पडते. म्हणून अशा सांगाड्याचे बळ वाढीव तापमानालाही सिद्ध करावे लागते. विदर्भाच्या उन्हात गडद पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. या विमानांचा पांढरा रंग त्यामुळे केवळ शोभेचा नसतो. पुन्हा रंगवतानाही निर्मात्याने ठरवलेल्या छटांची मर्यादा पाळावी लागते.