छायाप्रत यंत्रातील कागद-संवेदन

छायाप्रत यंत्रातून जाणाऱ्या कागदाचे स्थान ओळखून त्यानुसार यंत्राचे निरनिराळे भाग योग्य क्षणी चालू वा बंद करण्याच्या व्यवस्थेस कागद-संवेदन असे म्हणतात. कागदाच्या मार्गावर ठरावीक ठिकाणी बसवलेले संवेदक, म्हणजेच व्यवहारातील सेन्सर, आणि त्यांच्याकडून आलेले संकेत वेळेच्या हिशेबाशी ताडून पाहणारे नियंत्रण-मंडल हे या व्यवस्थेचे दोन मुख्य घटक होत. प्रत्येक संवेदक एकाच प्रश्नाचे उत्तर देऊ शकतो : आपल्यासमोर या क्षणी कागद आहे की नाही. कागद कोठवर पोहोचला, तो किती लांब आहे, वाटेत अडकला आहे काय, या गोष्टी यंत्र प्रत्यक्ष पाहत नाही. या 'हो' किंवा 'नाही' उत्तरांमधील काळावरून ते त्यांचे अनुमान करते. या व्यवस्थेचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा दोन्ही या अनुमानातून उद्भवतात.

गरज

मराठीत 'झेरॉक्स' या सामान्यनामाने ओळखली जाणारी छायाप्रत झेरोग्राफी या प्रक्रियेने तयार होते. मूळ कागदाची प्रतिमा विद्युतभाराच्या रूपाने एका फिरत्या ड्रमवर उमटवली जाते, त्या भाराकडे टोनरची बारीक भुकटी आकर्षित होते, ती भुकटी ड्रमवरून कोऱ्या कागदावर घेतली जाते आणि शेवटी उष्णता व दाब यांच्या साहाय्याने कागदावर पक्की केली जाते. यांपैकी पहिल्या दोन क्रिया ड्रमवर घडतात, तर पुढील दोन कागदावर. प्रतिमा घेऊन फिरणारा ड्रम आणि ट्रेमधून निघालेला कागद हे दोघे स्वतंत्र वाटांनी येतात व एका विशिष्ट रेषेवर एकमेकांना भेटतात. कागद किंचित लवकर वा उशिरा आला, तर मजकूर वर-खाली सरकतो किंवा त्याच्या ओळी कापल्या जातात. कागद आलाच नाही, तर टोनर मागील रोलरवर बसतो आणि पुढच्या पानाची पाठ काळवंडते. कागद तापलेल्या रोलरमध्ये अडकून राहिला, तर तो करपण्याचा धोका असतो. हे टाळण्यासाठी कागदाच्या हालचालीची खबर नियंत्रण-मंडलाला सतत मिळणे आवश्यक ठरते.

इतिहास

चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यू यॉर्क शहराच्या क्वीन्स विभागातील अ‍ॅस्टोरिया येथे ऑटो कॉर्नाय या साहाय्यकासह झेरोग्राफीची पहिली प्रतिमा मिळवली. हॅलॉइड कंपनीने १९४९ मध्ये बाजारात आणलेल्या पहिल्या यंत्रात बहुतेक टप्पे हातांनी पार पाडावे लागत. कागद कोठे आहे हे चालकाला डोळ्यांनी दिसत असल्यामुळे यंत्राला ते समजण्याची गरज नव्हती.

ही स्थिती १९५९ मध्ये आलेल्या 'झेरॉक्स ९१४' या यंत्राने पालटली. साध्या कागदावर मिनिटाला सुमारे सात प्रती काढणाऱ्या या यंत्रात कागद ट्रेमधून निघून बाहेर पडेपर्यंतचा सारा प्रवास आवरणाखाली होई. मात्र टोनर पक्का करणाऱ्या तप्त भागाजवळ कागद अडकल्यास तो पेटण्याच्या घटना घडत. त्यामुळे कंपनी या यंत्रासोबत एक लहान अग्निशामक देत असे. आग या शब्दाने ग्राहक बिचकू नये म्हणून त्या साधनाला 'करप-निवारक' अशा अर्थाचे सौम्य नाव देण्यात आले होते. कागदाचा प्रवास मानवी नजरेआड गेला की त्याच्यावर लक्ष ठेवण्याचे काम यंत्रालाच करावे लागते, हे या अनुभवाने स्पष्ट केले.

पुढे यांत्रिक कळा, फिरत्या दांड्यावरील उंचवटे आणि रिले यांच्या जागी प्रकाशीय संवेदक व सूक्ष्मप्रक्रियक आले. कागदाच्या प्रत्येक पानाचा स्वतंत्र हिशेब ठेवणे आणि एकाच वेळी मार्गावर असलेल्या अनेक पानांवर लक्ष ठेवणे त्यामुळे शक्य झाले.

संवेदकांचे प्रकार

यांत्रिक कळ : कागदाच्या धक्क्याने एक छोटी पट्टी कलते आणि विद्युतमंडल जोडले वा तोडले जाते. रचना सोपी असली, तरी संपर्कबिंदू झिजतात आणि पातळ कागदाला पट्टी ढकलणे जड जाते.

पट्टी आणि प्रकाश-खंडक : ही सर्वांत रूढ रचना होय. इंग्रजी 'यू' अक्षराच्या आकाराच्या एका लहान ठोकळ्याच्या एका बाजूला अवरक्त किरण सोडणारा दिवा व समोर प्रकाश-संवेदी ट्रांझिस्टर असतो. कागदाच्या वाटेत आलेली प्लास्टिकची हलकी पट्टी कागदाने ढकलली की तिचे दुसरे टोक या दोहोंच्या मधून बाजूला होते किंवा मध्ये येते, आणि संकेत बदलतो. कागद निघून गेल्यावर पट्टी स्प्रिंगने अथवा स्वतःच्या वजनाने पूर्वस्थितीला येते. किरणांच्या वाटेत कागद नव्हे, तर पट्टी येत असल्यामुळे कागदाचा रंग वा पारदर्शकता यांचा परिणाम होत नाही.

परावर्तन संवेदक : दिवा व ग्राहक एकाच बाजूला असतात आणि कागदावरून परतणारा प्रकाश मोजला जातो. हलणारा भाग नसल्याने झीज होत नाही. परंतु गडद कागद, पारदर्शक फिल्म आणि भिंगावर साचलेली धूळ यांमुळे चूक होऊ शकते. प्रक्षेपकासाठी वापरल्या जाणाऱ्या काही पारदर्शक फिल्मच्या कडेला अपारदर्शक पट्टी ठेवली जात असे, ती याच कारणासाठी.

श्राव्यातीत ध्वनी संवेदक : कागदाच्या एका बाजूने श्राव्यातीत ध्वनी सोडून दुसऱ्या बाजूला त्याची तीव्रता मोजली जाते. दोन पानांच्या मध्ये हवेचा थर असला की ध्वनी बराच क्षीण होतो व एकाऐवजी दोन पाने आल्याचे समजते. हा प्रकार प्रामुख्याने स्कॅनर आणि मूळ कागद ओढून घेणाऱ्या फीडरमध्ये आढळतो.

कागदाचा मार्ग आणि घटकांचे नियंत्रण

ट्रे : कागद संपल्याचे ओळखणारी पट्टी कागदांच्या गठ्ठ्यावर टेकलेली असते. शेवटचे पान निघताच ती तळाच्या खाचेत पडते. पान ओढणारा रोलर फिरवणारा क्लच पान पुढच्या संवेदकापर्यंत पोहोचताच सोडला जातो, अन्यथा त्यामागोमाग दुसरे पानही ओढले जाते. ठरलेल्या वेळात पान न पोहोचल्यास बहुतेक यंत्रे ओढण्याचा प्रयत्न पुन्हा करतात आणि त्यानंतरच संदेश देतात.

रजिस्ट्रेशन रोलर : ड्रमच्या अलीकडे असलेली रोलरची ही जोडी प्रारंभी स्थिर असते. पानाची पुढची कड तिच्यावर येऊन टेकते, मागचे रोलर पानाला आणखी किंचित ढकलतात, पानाला लहानसा फुगवटा येतो आणि तिरकी आलेली कड सरळ होते. हा फुगवटा किती असावा, हे अलीकडील संवेदकाने कड पाहिल्यापासून मोजलेल्या वेळेवरून ठरते. ड्रमवरील प्रतिमा योग्य अंतरावर आली की रोलर फिरू लागतात आणि पान व प्रतिमा यांची भेट साधली जाते.

प्रतिमेचे स्थलांतर : पानाच्या पाठीमागे टोनरच्या विरुद्ध भाराचा उच्च विद्युतदाब दिला जातो, त्यामुळे टोनर ड्रम सोडून पानावर येतो. हा दाब पान त्या रेषेवर असेपर्यंतच द्यायचा असतो. दोन पानांमधील मोकळ्या अंतरात अनेक यंत्रे उलट दाब देऊन रोलरवर बसलेला टोनर परत ड्रमकडे ढकलतात.

फ्यूजर : येथील रोलरचे तापमान साधारणपणे १५० ते २०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते. पान आत शिरल्याचा आणि बाहेर पडल्याचा संकेत येथे सर्वांत महत्त्वाचा मानला जातो. अरुंद पाने एकामागून एक जात असतील, तर रोलरची टोके कागदाला उष्णता न देता तापत राहतात. अशा वेळी काही यंत्रे पानांमधील अंतर वाढवून वेग कमी करतात.

निर्गम व दुहेरी छपाई : पानाच्या दोन्ही बाजूंवर छपाई करताना मागची कड एका वळणापलीकडे गेल्याची खात्री होताच निर्गम रोलर उलटे फिरतात व पान परत आत घेतात. ते लवकर उलटले, तर पान वळणावर आदळते; उशिरा उलटले, तर पान हातचे निसटून बाहेर पडते. बहुतेक यंत्रांत एक प्रत पूर्ण झाल्याची नोंदही पानाची मागची कड निर्गम संवेदकावरून गेल्यावरच होते. त्यामुळे मध्येच अडकलेले पान मोजले जात नाही आणि अडथळा दूर झाल्यावर ते पुन्हा छापले जाते.

कागद अडकल्याचा निर्णय

कागद चुरगळल्याचे यंत्राला दिसत नाही. अपेक्षित वेळी अपेक्षित संकेत आला नाही, एवढेच त्याला कळते. समजा, कागदाचा वेग सेकंदाला १५० मिलिमीटर आणि दोन संवेदकांमधील अंतर ९० मिलिमीटर आहे. पहिल्या संवेदकाने कड पाहिल्यावर ०.६ सेकंदाने दुसऱ्याने ती पाहायला हवी. रोलरची झीज व कागदाचा घसरटपणा लक्षात घेऊन काही सवलत दिली जाते. तिच्यापलीकडे उशीर झाल्यास कागद अडकल्याचे ठरते. तसेच २९७ मिलिमीटर लांबीचे ए-४ पान उभे जात असेल, तर ते एका संवेदकासमोर १.९८ सेकंद राहील. त्याहून फार अधिक काळ संकेत कायम राहिला, तर पान थांबले आहे असे मानले जाते.

यावरून अडथळ्यांचे पुढील प्रकार केले जातात :

- विलंब : पान ठरलेल्या वेळेत संवेदकापाशी पोहोचले नाही.
- स्थिर अडथळा : पान पोहोचले, परंतु ठरलेल्या वेळेत पुढे गेले नाही.
- शिल्लक कागद : यंत्र सुरू करताना वा झाकण बंद करताना एखाद्या संवेदकासमोर कागद आढळला.
- झाकण उघडणे : कागद मार्गावर असताना झाकण उघडले गेले.

निर्णय होताच चालक मोटर थांबवली जाते आणि उच्च विद्युतदाब व फ्यूजरची उष्णता बंद केली जाते. सवलतीची मर्यादा ठरवणे ही रचनाकारापुढील मुख्य अडचण असते. ती फार कमी ठेवली, तर थोडेसे झिजलेले यंत्रही वारंवार विनाकारण थांबते. ती फार वाढवली, तर वरील उदाहरणातील वेगाने प्रत्येक दशांश सेकंदात आणखी १५ मिलिमीटर कागद अडथळ्यावर आदळून घड्या पडत जातात.

मर्यादा

संवेदक कागदाची उपस्थिती सांगतो, संख्या नाही. दोन पाने मागे-पुढे सरकून एकत्र आली, तर त्यांची एकूण लांबी वाढलेली दिसते व यंत्र थांबते. दोन्ही तंतोतंत एकमेकांवर असतील, तर साध्या संवेदकाला ते एकच पान वाटते. कोऱ्या कागदाच्या बाबतीत यामुळे फक्त एक पान वाया जाते. मूळ कागद ओढणाऱ्या फीडरमध्ये मात्र दुसऱ्या पानाची प्रत निघतच नाही आणि कोणताही संदेशही उमटत नाही. न्यायालयीन कागदपत्रे, जमिनीचे दस्तऐवज वा परीक्षेच्या उत्तरपत्रिका यांच्या प्रती काढताना हा दोष कागद अडकण्यापेक्षा अधिक हानिकारक ठरतो, कारण तो लक्षात येत नाही. श्राव्यातीत संवेदक नसलेल्या यंत्रात मूळ पाने व प्रती यांची संख्या मोजून ताडणे हाच त्यावरील खात्रीचा उपाय होय.

याउलट, कागद नसतानाही कागद अडकल्याचा संदेश येऊ शकतो. तुटलेली पट्टी, निसटलेली स्प्रिंग, टोनरची धूळ किंवा कागदाचा नखाएवढा तुकडा ही त्याची नेहमीची कारणे होत. फाइलसाठी छिद्रे पाडलेल्या कागदाचे छिद्र संवेदकावरून जाताना क्षणभर 'कागद नाही' असा संकेत देऊ शकते.

हवामानाचा परिणाम

कागद हवेतील ओलावा शोषतो. कोकणपट्टीसारख्या दमट प्रदेशात पावसाळ्यात उघड्यावर राहिलेला कागद मऊ पडतो, त्याच्या कडा वळतात आणि पाने एकमेकांना चिकटतात. पुढची कड वळलेली असल्यास ती पट्टीला ढकलण्याऐवजी तिच्याखालून निसटू शकते किंवा रोलरच्या खाचेत शिरते. ओलाव्यामुळे कागदावरील विद्युतभार टिकत नाही आणि छपाई फिकी येते. कोरड्या हवेत स्थितिक विजेमुळे पाने चिकटतात. कागदाचे रीम वापरेपर्यंत वेष्टनातच ठेवणे आणि ट्रेमध्ये भरण्यापूर्वी पाने फडफडवून मोकळी करणे, या प्रथांमागे हीच कारणे आहेत. काही यंत्रांच्या ट्रेपाशी ओलावा घालवण्यासाठी लहान तापकही बसवलेला असतो.

अडथळा दूर करणे

कागद शक्यतो त्याच्या प्रवासाच्या दिशेने, दोन्ही हातांनी व सावकाश ओढला जातो. उलट ओढल्यास संवेदकाची पट्टी मोडण्याचा आणि कागद फाटण्याचा संभव असतो. फाटलेल्या पानाचे तुकडे जुळवून पान पूर्ण झाल्याची खात्री करावी लागते, कारण आत राहिलेला तुकडा संदेश मिटू देत नाही. झाकणाशी जोडलेली सुरक्षा-कळ झाकण उघडताच मोटर व उच्च दाबाची वीज तोडते. झाकण बंद झाल्यावर नियंत्रण-मंडल सर्व संवेदक नव्याने तपासते. म्हणूनच कागद झाकण न उघडता काढता आला, तरी अनेक यंत्रे झाकण एकदा उघडून बंद करावयास सांगतात. फ्यूजरचा भाग यंत्र थांबल्यानंतरही बराच वेळ तापलेला असतो. ड्रमला तीव्र प्रकाशाने इजा होत असल्यामुळे झाकण फार काळ उघडे ठेवले जात नाही.

संकेत आणि वापरकर्ता

लेझर मुद्रकांतील कागदाचा मार्ग छायाप्रत यंत्रासारखाच असतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांनी एका जुन्या मुद्रकाच्या आज्ञावलीत बदल करून, कागद अडकताच छपाईची वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर सूचना झळकेल अशी सोय केली होती. १९८०च्या सुमारास आलेल्या नव्या मुद्रकाची आज्ञावली उपलब्ध न झाल्याने ती सोय पुन्हा करता आली नाही. हा अनुभव मुक्त सॉफ्टवेअर चळवळीमागील एक प्रेरणा असल्याचे स्टॉलमन यांनी सांगितले आहे. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली.

हेही पाहा

- छायाप्रत यंत्र
- झेरोग्राफी
- चेस्टर कार्लसन
- लेझर मुद्रक
- संवेदक
- मुक्त सॉफ्टवेअर